कुत्र्या-मांजरांचा आहार : पिल्लू असल्यापासून म्हातारपणापर्यंत



आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये कुत्रा किंवा मांजर असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मुले शाळेतल्या मित्रांकडे पाहून हट्ट धरतात, घरामागे छोटीशी का होईना बाग असते आणि एक दिवस पिल्लू घरी येते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आलेली पिल्ले तर आता चांगली मध्यमवयीन झाली आहेत. पिल्लाच्या नावावरून घरात चार दिवस चर्चा होते, पण त्याने खायचे काय, हा विचार बहुधा सुपरमार्केटच्या रॅकसमोर उभे राहिल्यावरच सुरू होतो.

आम्ही पेशाने सॉफ्टवेअरवाले, पशुवैद्य नव्हे. तेव्हा आजारी जनावराच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या व्हेटचाच. पण मॅन्युअल वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, या सवयीने आम्ही जी माहिती गोळा केली ती इथे एकत्र देत आहोत. तिचे सार एका वाक्यात सांगायचे तर, पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरात प्रेम ताटातून व्यक्त होते. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत नेमके तिथेच जपावे लागते.

कायदा काय म्हणतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्ट २००६ लागू आहे. त्याच्या कलम ९ नुसार पाळीव प्राण्याच्या गरजा भागवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि त्यात योग्य आहाराचा स्पष्ट उल्लेख आहे. स्कॉटलंडमध्ये २००६ चा आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०११ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे उपाशी ठेवणे तर गुन्हा आहेच, पण चुकीचे खाऊ घालून जनावराचे हाल करणे हेही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

कुत्रा वेगळा, मांजर वेगळे

दोघांना एकाच पंक्तीला बसवू नये, हा पहिला नियम.

कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढला. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुके ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या कितीतरी जास्त आढळल्या. गावाकडची कुत्री भाकरी-ताकावर का जगतात, याचे उत्तर इथे मिळते. जगतात हे खरे, पण फार वर्षे आणि निरोगी जगतात असे नाही.

मांजर मात्र पक्के मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला पुरेसा तयार करता येत नाही. गाजरातल्या बीटा कॅरोटिनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवता येत नाही. अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिड नावाचे स्निग्धाम्लही त्याला मांसातूनच मिळवावे लागते. टॉरिन कमी पडले की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिला. त्या काळी बाजारातल्या काही तयार खाद्यांतही टॉरिन कमी पडत होते. पुढे कंपन्यांनी प्रमाण वाढवले आणि मांजरांमधला हा हृदयविकार खूपच कमी झाला.

म्हणून कुत्र्याचे खाणे मांजराला रोज घालू नये. मांजराचे खाणे कुत्र्याने एखादे वेळी पळवले तर बिघडत नाही, पण त्यात चरबी आणि प्रोटीन जास्त असल्याने तो त्यावर गोल मात्र होतो.

पाकीट कसे वाचावे?

पुढच्या बाजूचे चित्र सोडून द्या, पाकीट उलटे करा.

१. ‘कम्प्लीट’ हा शब्द आधी शोधा. इथल्या नियमांनुसार कम्प्लीट म्हणजे रोज फक्त तेच दिले तरी सर्व पोषण मिळेल असे खाद्य. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे जोडीला द्यायचे, जेवणाऐवजी नव्हे. काही छान दिसणारे टिन आणि बहुतेक सगळे ट्रीट्स या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

२. ते कोणत्या वयासाठी आहे ते पाहा. पिल्लू, प्रौढ की सर्व वयांसाठी?

३. नावातल्या शब्दांना ठरावीक अर्थ आहे. ‘चिकन फ्लेवर’ असेल तर चिकन ४ टक्क्यांहूनही कमी असू शकते. ‘विथ चिकन’ म्हणजे किमान ४ टक्के, ‘रिच इन चिकन’ म्हणजे किमान १४ टक्के.

४. कोरडे आणि ओले खाद्य यांची तुलना करताना आधी पाणी वजा करा. ओल्या खाद्यात ८० टक्के पाणी आणि १० टक्के प्रोटीन असेल, तर उरलेल्या २० भागांत १० भाग, म्हणजे ५० टक्के प्रोटीन झाले. कोरड्यात ८ टक्के पाणी आणि २६ टक्के प्रोटीन असेल तर ९२ भागांत २६, म्हणजे साधारण २८ टक्के. पाकिटावर मोठा दिसणारा आकडा दर वेळी मोठा नसतो!

५. पाकीट संपेपर्यंत फेकू नका, आणि कोरडे खाद्य डब्यात ओतले तरी बॅच नंबर जपून ठेवा. जून २०२१ मध्ये इथे मांजरांच्या काही कोरड्या खाद्यांचा माल बाजारातून परत मागवला होता. त्या सुमारास शेकडो मांजरांच्या रक्तपेशी अचानक घटल्या होत्या आणि रॉयल व्हेटर्नरी कॉलेज त्याचा तपास करत होते. आपल्याकडचे पाकीट त्या यादीत आहे की नाही, हे बॅच नंबरवरूनच कळते.

किती द्यावे? एक सोपा हिशोब

पाकिटावरचा तक्ता ही सुरुवात समजावी. व्हेट मंडळी ज्या सूत्राने अंदाज बांधतात ते घरच्या कॅल्क्युलेटरवरही बसते. किलोमधले वजन तीनदा गुणा (वजन × वजन × वजन), आलेल्या आकड्याचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ही झाली नुसते पडून राहण्यासाठी लागणारी रोजची ऊर्जा, किलोकॅलरीत. न्यूटरिंग झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला साधारण १.४ ते १.६ ने आणि तशाच घरातल्या मांजरासाठी सुमारे १.२ ने गुणावे.

उदाहरणार्थ, १० किलोचा कुत्रा: १००० चे वर्गमूळ ३१.६, त्याचे वर्गमूळ ५.६२, गुणिले ७० म्हणजे ३९४. दिवसाला साधारण ५५० ते ६३० कॅलरी. ४ किलोचे मांजर: ६४, ८, २.८३ आणि १९८. दिवसाला सुमारे २४० कॅलरी.

आता तूप लावलेली एक पोळी घ्या. साधारण १२० कॅलरी. १० किलोच्या कुत्र्याच्या दृष्टीने हा दिवसाच्या आहाराचा पाचवा हिस्सा झाला. आपल्याला पोटभर जेवल्यावर वर चार पोळ्या खायला लावल्या तर कसे होईल, तसेच. सर्व प्रकारचा खाऊ मिळून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावा आणि तेवढे जेवण कमी करावे, हा सर्वमान्य नियम आहे.

हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक जनावराची गरज कमी-जास्त असते. खरी परीक्षा हाताने होते. बरगड्यांवरून हलकेच हात फिरवला तर त्या जाणवल्या पाहिजेत, पण लांबून दिसता कामा नयेत. वरून पाहिले तर कंबर दिसावी आणि बाजूने पाहिले तर पोट मागे वर चढलेले असावे. व्हेटकडे यासाठी नऊ गुणांचा तक्ता असतो. त्यात ४ ते ५ उत्तम, ९ म्हणजे फारच लठ्ठ. खाणे कपाने न मोजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजावे. कपात एका माणसाचा हात सढळ असतो, दुसऱ्याचा आखडता.

एवढा काटेकोरपणा कशाला? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले. कमी खाणारे कुत्रे साधारण १३ वर्षे जगले, जास्त खाणारे ११.२ वर्षे. सांधेदुखीही सडपातळ कुत्र्यांना उशिरा सुरू झाली. जवळजवळ दोन वर्षांचे आयुष्य निव्वळ वाडग्यातून मिळाले.

ज्यांच्याकडे लॅब्राडोर आहे त्यांच्यासाठी आणखी एक माहिती. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गहाळ असतो आणि अशा कुत्र्यांची खा-खा जास्त असते. त्याची केविलवाणी नजर म्हणजे पोट रिकामे असल्याचा पुरावा नव्हे!

वयानुसार आहार : कुत्रा

*पिल्लू.* परवानाधारक ब्रीडर आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू शकत नाही, त्यामुळे घरी येते तेव्हा ते आईच्या दुधावरून सुटलेले असते. पहिले काही दिवस ब्रीडरकडे चालू असलेलेच खाणे द्यावे. मग सात ते दहा दिवसांत नवे खाणे थोडे थोडे मिसळत जुने कमी करावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, असा क्रम सोयीचा पडतो.

मोठ्या जातींची पिल्ले, म्हणजे जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर वगैरे, यांना खास ‘लार्ज ब्रीड पपी’ खाद्य द्यावे. त्यांनी भराभर वाढणे चांगले नसते. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही, त्यामुळे हाडे मजबूत व्हावीत म्हणून वरून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या हाडे वाकडी करू शकतात. कम्प्लीट खाद्य चालू असेल तर वरून काहीही घालू नये. लहान जातींचे कुत्रे १० ते १२ महिन्यांत प्रौढांच्या खाण्यावर जाऊ शकतात, फार मोठ्या जातींना दीड ते दोन वर्षे लागतात.

लेस्टरशायरमधल्या वॉल्थम संस्थेने पिल्लांच्या वजनवाढीचे आलेख तयार केले आहेत. आपल्या बाळांच्या रेड बुकमध्ये असतात तसेच. ते विनामूल्य मिळतात.

*न्यूटरिंगनंतर.* हा टप्पा बहुतेकांच्या लक्षातून निसटतो. शस्त्रक्रियेनंतर ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. वाडग्यातले प्रमाण त्याच आठवड्यापासून व्हेटला विचारून बदलावे. हेच मांजरालाही लागू.

*प्रौढ.* दिवसातून दोन ठरलेली जेवणे, ताजे पाणी आणि महिन्यातून एकदा वजन. पुष्कळ व्हेट प्रॅक्टिसमध्ये नर्स वजन मोफत करून देते. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, फिरणे कमी होते. त्या महिन्यांत प्रमाणही थोडे कमी करावे.

*गर्भार कुत्री.* गर्भारपण साधारण ६३ दिवसांचे. पहिली पाच-सहा आठवडे नेहमीचेच प्रमाण पुरते, वाढ शेवटच्या टप्प्यात करायची. आपल्याकडची ‘दोन जिवांची आहे’ म्हणून पहिल्या दिवसापासून लाडू सुरू करण्याची रीत इथे चालत नाही. पिल्ले दूध पीत असताना मात्र तिची गरज दुप्पट ते चौपट होते. तेव्हा पिल्लांचेच खाद्य तिला दिवसातून अनेकदा द्यावे.

*म्हातारपण.* फार मोठ्या जाती सहा-सात वर्षांतच ज्येष्ठ होतात, छोट्या जाती दहाच्या पुढे. म्हातारपणी प्रोटीन कमी करावे, ही जुनी समजूत. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला स्नायू टिकवण्यासाठी चांगल्या प्रोटीनची गरज असते. मूत्रपिंडाच्या आजाराचे वेगळे खाद्य रक्त-लघवी तपासून व्हेटने सांगितले तरच द्यावे.

वयानुसार आहार : मांजर

*पिल्लू.* वर्षभर किटनचे खाद्य, सुरुवातीला दिवसातून चार वेळा. या वयात ओले-कोरडे आणि निरनिराळ्या चवीचे खाणे दाखवून ठेवावे. मांजर लहानपणी जे खाते तेच पुढे ‘अन्न’ मानते, आणि आजारपणात खाणे बदलायची वेळ आली की ही सवय उपयोगी पडते.

*प्रौढ.* मांजराचे पूर्वज रानात दिवसभरात कित्येक छोटे उंदीर मारून खात. म्हणून त्याला एकदाच भरपूर देण्यापेक्षा मोजलेला कोटा चार-पाच वेळा विभागून देणे बरे. कोरडवाहू प्रदेशातून आलेले हे जनावर पाणी कमी पिते, तेव्हा आहारात थोडे तरी ओले खाणे असू द्यावे. पाण्याचे भांडे खाण्यापासून लांब ठेवावे. बोका लघवीसाठी वारंवार बसतो पण होत नाही असे दिसले, तर रात्र असली तरी व्हेट गाठावा. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबणे जिवावर बेतते.

मांजर डोळे मिटून दूध पीत असले तरी मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. जुलाब होतात. त्याला पाणीच द्या.

*गाभण मांजरी.* कुत्रीच्या उलट, हिचे खाणे सुरुवातीपासूनच हळूहळू वाढवत न्यावे.

*म्हातारपण.* दहा वर्षांपुढची मांजरे बहुधा बारीक होऊ लागतात. चांगले खाऊनही वजन घटत असेल तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड, मधुमेह किंवा मूत्रपिंड, यांपैकी काही असू शकते. मूत्रपिंडाचा आजार झालेल्या मांजरांना कमी फॉस्फरसच्या खास खाद्याने जास्त आयुष्य मिळते. खाणे किंचित कोमट केले तर वास उठतो आणि म्हातारी मांजरे आवडीने खातात.

आणि एक महत्त्वाचे. कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तर बहुधा निभावते. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. ‘भूक लागली की खाईल’ हा उपाय मांजरावर कधीही करू नये. लठ्ठ मांजराचे वजनही हळूहळू आणि व्हेटच्या सल्ल्यानेच उतरवावे.

शाकाहारी घरात काय करावे?

आपल्यातल्या अनेक घरांत मांस-मच्छी येत नाही, त्यामुळे हा प्रश्न हमखास निघतो. ब्रिटिश व्हेटर्नरी असोसिएशनने २०२४ मध्ये आपली भूमिका नव्याने मांडली. तिचा आशय असा: पोषणदृष्ट्या परिपूर्ण शाकाहारी आहार कुत्र्याला देणे शक्य आहे, पण तो व्हेटच्या देखरेखीखाली द्यावा. मांजराला शाकाहारी किंवा व्हीगन आहार देण्याची शिफारस संघटना करत नाही.

म्हणजे कुत्र्यासाठी ‘कम्प्लीट’ असे लिहिलेले शाकाहारी तयार खाद्य घेता येते. वरण-भात म्हणजे कम्प्लीट खाद्य नव्हे. घरी शिजवूनच द्यायचे असेल तर पशु-आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावे, कारण पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून घेतलेल्या कुत्र्यांच्या २०० पाककृती २०१३ साली डेव्हिसच्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत एखादा तरी आवश्यक घटक कमी होता.

मांजर आणायचे असेल तर त्याच्यासाठी मांस घरात येणार, हे आधीच घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. बंद पाउच, वेगळा चमचा, वेगळी ताटली आणि युटिलिटी रूममधली जागा एवढ्यात बऱ्याच घरांत तोडगा निघतो. तेवढेही पटत नसेल तर ससा किंवा गिनीपिग पाळावा. तेही गोड असतात आणि पूर्ण शाकाहारी असतात. मांजराचा धर्म बदलायला जाऊ नये.

कच्चे मांस खाऊ घालण्याची इथे बरीच फॅशन आहे. त्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. घरात रांगते मूल, गर्भवती बाई किंवा वृद्ध माणसे असतील तर त्या भानगडीत पडू नये हे उत्तम.

आपले स्वयंपाकघर : धोक्याची यादी

*कांदा आणि लसूण.* कच्चा, शिजवलेला, तळलेला वा पूड, सगळेच वाईट. याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला किलोमागे ५ ग्रॅम कांदाही बाधू शकतो, म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम. कुत्र्याला किलोमागे १५ ते ३० ग्रॅम. लक्षणे काही दिवसांनी दिसतात आणि रोजचे थोडे थोडेही साठत जाते. कांदा-लसूण मसाला पडलेला कोणताही रस्सा वर्ज्य.

*द्राक्षे, बेदाणे, मनुका.* कुत्र्यांची मूत्रपिंडे यामुळे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील हे सांगता येत नाही. सुपरमार्केटमधली नाशिकची द्राक्षे असोत, चिवडा-लाडू-शिऱ्यातले बेदाणे असोत की नाताळातले मिन्स पाय, सगळे एकच.

*चिंच.* ही नवी माहिती आहे. द्राक्षांमधले टार्टारिक अ‍ॅसिड हेच विषाचे कारण असावे, असे संशोधक २०२१ पासून मानू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. आमटी, भेळेची चटणी आणि चिंचेच्या गोळ्या लांब ठेवा.

*चॉकलेट.* जितके काळे तितके वाईट.

*झायलिटॉल.* शुगरफ्री च्युइंगगम, काही पीनट बटर आणि मधुमेहींच्या गोड पदार्थांत असते. ‘बर्च शुगर’ या नावानेही येते. कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरते.

*शिजवलेली हाडे.* रविवारच्या मटणातली नळी त्याला देऊ नये. शिजलेले हाड तडकून टोकदार होते.

*तूप, तळण, पापड, लोणचे.* जास्त चरबीने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. दिवाळी आणि नाताळ हे दोन्ही व्हेटकडे जायचे सण होऊ देऊ नका.

*फुगायला ठेवलेले यीस्टचे पीठ.* पोटात आणखी फुगते आणि त्यातून अल्कोहोल तयार होते.

यांपैकी काही पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता व्हेटला फोन करावा. रात्री-बेरात्रीही तातडीची सेवा कुठे मिळेल ते कळते. अ‍ॅनिमल पॉयझनलाइन (०१२०२ ५०९०००) ही चोवीस तासांची सशुल्क सेवाही आहे. काय खाल्ले, किती खाल्ले, कधी आणि जनावराचे वजन किती, ही चार उत्तरे तयार ठेवावीत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, ते मीठच घातक ठरते.

आई-बाबा आले की...

आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. आपण दिवसभर ऑफिसात, मुले शाळेत. घरात आजी-आजोबा आणि कुत्रा. भाषेची अडचण नाही, रस्त्यावर ओळखीचे कोणी नाही, आणि हा एकच जण तासन्‌तास त्यांचे ऐकून घेतो. आजोबांच्या खुर्चीशी तो बसला की त्याला चहातले बिस्किट मिळते आणि आजीच्या पानातला शेवटचा घास त्याचाच असतो. त्या घासामागची माया खरी असते. म्हणून ‘त्याला काही देऊ नका’ असे फर्मान काढू नये. त्याने म्हातारी माणसे दुखावतात आणि मग घास टेबलाखालून जातो.

आमच्या घरी एक सोपी पद्धत चालते. सकाळी त्याच्या दिवसभराच्या मोजलेल्या खाण्यातले मूठभर दाणे एका छोट्या डब्यात काढायचे. तो डबा आजोबांचा. दिवसभर हवे तेव्हा त्यांनी त्यातून द्यायचे, एकूण प्रमाण तेवढेच राहते. त्याच्या जोडीला फ्रिजवर मराठीत लिहिलेली यादी:

चालेल (थोडेसे): गाजर, काकडी, उकडलेली फरसबी, सफरचंदाची फोड (बी काढून), मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले चिकन, साधा भात.

अजिबात नाही: कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चिंच, चॉकलेट, शुगरफ्री गोड, हाडे, तळलेले, लोणचे.

पाकिटावरचे इंग्रजी बारीक अक्षर त्यांनी वाचावे ही अपेक्षा ठेवण्यापेक्षा हे बरे. आणि संध्याकाळचे जेवण वजन करून घालण्याचे काम आजींकडे द्यावे. खाऊ घालण्याचे समाधान त्यांना मिळते आणि हिशोबही चुकत नाही.

भारतात जाताना

तीन-चार आठवडे जनावर केनेलमध्ये, कॅटरीत किंवा मित्रांकडे राहणार असेल तर त्याचे नेहमीचेच खाणे पुरेसे द्यावे, शक्य तर रोजच्या वजनाच्या पुड्या बांधून. जागा बदलली की मांजर खाणे सोडू शकते. म्हणून ‘चोवीस तासांत काही खाल्ले नाही तर व्हेटला कळवा’ असे लिहून ठेवावे. व्हेटचा फोन, विम्याचा क्रमांक आणि वरची यादीही सोबत द्यावी. मराठी मित्रांकडे ठेवणार असाल तर यादी नक्कीच द्या, कारण तिथेही पोळीला तूप लावतातच!

थोडक्यात

कम्प्लीट खाद्य, वयाला साजेसे, काट्यावर मोजलेले. महिन्यातून एकदा वजन. मांजर जेवले नाही तर लगेच चौकशी. आणि आपल्या पानातले आपल्या पानातच. एवढे सांभाळले तर उरलेली सगळी माया हात फिरवून आणि पावसात फिरायला नेऊन व्यक्त करता येते. इथे पावसाला तोटा नाही.

फ्रिजवरची यादी जरूर उतरवून घ्या आणि आई-बाबांचे तिकीट काढले की आधी ती चिकटवा.